गोदावरीची राहिलेली बुट्टी

माझं अक्षर चांगलं आहे. हे मीच सांगतो, कारण त्या अक्षरानंच माझा घात केला. गिचमिड लिहिलं असतं तर पुढं साहेबाला ते वाचता तरी आलं नसतं.

सन एकाहत्तर. मंद्रूपपासून तीन कोसांवर बेलहाळ नावाचं गाव, तिथली चौथीपर्यंतची शाळा आणि त्या शाळेचा एकुलता एक मास्तर मी, मुकुंद. तालुक्याहून एक छापील तक्ता आला. वर ठळक अक्षरांत 'गावाचा इतिहास व वारसा'. खाली बारा रकाने. जुनी देवळं, शिलालेख, गढी, बारव, तळं, चालीरीती आणि असंच बरंच काही. माझं मूळ गाव पंढरपूर, वडील वेणीमाधवपंत देवळाच्या सेवेत. आमच्या गल्लीतला उकिरडासुद्धा दोनशे वर्षांचा, त्यामुळं इतिहास म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. बेलहाळात काय होतं? दीडशे उंबरा, एक मारुती, एक पिंपळ आणि भर दुपारी कुत्रंसुद्धा भुंकायचा कंटाळा करील अशी शांतता. मी दौत उघडली आणि बाराच्या बारा रकान्यांत वळणदार अक्षरात एकच शब्द लिहिला, 'निरंक'. सरकारी भाषेत याचा अर्थ, काही नाही. खाली सही ठोकली. पंधरा मिनिटांत गावाचा इतिहास संपवून मी चहा प्यायला घरी गेलो.

चहा देताना माझ्या बायकोनं, गोदावरीनं विचारलं, "चालीरीतींतसुद्धा काही नाही लिहिलं?"

"काय लिहू? बुट्टी?"

ती आत निघून गेली. बुट्टीचा विषय आमच्या घरात निघत नसे.

त्याचं असं झालं होतं. आदल्या वर्षी आमचं लग्न झालं आणि गोदावरीला घेऊन मी बेलहाळला आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात सात-आठ बायका. पुढं चंद्रव्वा, साठी ओलांडलेली, कपाळाला विभूती, हातात बांबूची कोरी बुट्टी, म्हणजे टोपली.

"गुर्जी, गावात सून आली. बुट्टी टाकाय न्यायची हाय."

बेलहाळची ती रीतच होती. नवी सून आली, मग ती पाटलाची असो की कुंभाराची, तिनं काळवटातली बुट्टीभर माती डोक्यावर घ्यायची, अनवाणी सुनांच्या माळावर चढायचं आणि वर ती माती ओतून घरी यायचं. काळवट म्हणजे गावाखालचं सपाट काळं गायरान. तिथं कुणी नांगर घालत नसे. त्याला लागूनच लांबलचक उंचवटा होता, तो सुनांचा माळ. का ओतायची म्हणून विचाराल तर सगळ्यांचं उत्तर एकच, "आमच्या सासूनं टाकली."

मी नुकताच ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलेलो, डोक्यात सुधारणेचं वारं. उंबऱ्यातच उभं राहून मी भाषण ठोकलं. माझी बायको माती वाहायला आलेली नाही आणि असल्या अडाणीपणाला या घरात थारा नाही, असं बरंच काही बोललो. गोदावरी माझ्या मागं पदर खोचून तयार उभी होती, हे मला फार उशिरा कळलं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

चंद्रव्वा भांडली नाही. "होगली बिडू," ती कानडीत पुटपुटली, म्हणजे जाऊ दे, सोड. मग मला म्हणाली, "बुट्टी ऱ्हायली म्हनायचं, गुर्जी. बुडाली न्हाय." ती बुट्टी तिनं आपल्या घरी नेली आणि पडवीत आढ्याला टांगली. पुढं दोन वर्षं तिच्या दारावरून जाताना ती टांगलेली बुट्टी दिसायची आणि मी मान वळवून चालू लागायचो.

मग बहात्तर साल आलं. त्या सालाचं नुसतं नाव काढलं तरी आमच्याकडची माणसं आजही पाण्याचा तांब्या जवळ ओढतात. दिवाळीपर्यंत विहिरींचे तळ उघडे पडले. बायका आत उतरून वाटीवाटीनं घागर भरायच्या. रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन पोरांची पोटं दुखायची आणि अर्धी शाळा बाहेरच असायची. सरकारनं कामं काढली होती, पण आमच्या वाट्याचं खडी फोडायचं काम चौदा मैलांवर. तिथंच पालं ठोकून राहायचं.

सरपंच आबासाहेबांनी चार खेटे घालून एका ओव्हरसियरला गावात आणलं. शाळेच्या ओसरीवर बैठक बसली. साहेब उन्हानं रापलेला, तोंडाचा फटकळ, पण मनाचा वाईट नव्हता.

आबासाहेब म्हणाले, "सायब, आमाला हितंच काम द्या. मानसं उठली की गाव मोडलं. म्हातारीकोतारी, तानी पोरं, जनावरं, ही कुटं न्यायची?"

"नवं तळं मागाल तर पाहणी, आखणी, मंजुरी, सहा महिने गेले," साहेब म्हणाला. "जुनं तळं असेल तर गोष्ट वेगळी. दुरुस्ती म्हणून लगेच काम धरता येतं. आहे का एखादं?"

"असंल की," आबासाहेब अंदाजानं म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. गावात शिकलेला मी एकटाच.

साहेबानं फाईल उघडली आणि आतला तक्ता वर धरला. "तळं, निरंक. बारव, निरंक. तुमच्याच गुरुजींनी लिहिलंय. काय सुंदर अक्षर आहे हो!"

ओसरीवरचे सगळे डोळे माझ्यावर खिळले. साहेब उठला. "मंगळवारी यादी पक्की होते. सोमवारी मी परत येतो. तोवर जुन्या तळ्याचा पुरावा दाखवा. नसेल तर बुधवारी ट्रक येईल, सगळ्यांनी खडीच्या कामावर जायचं."

कुणी शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोललो असतो, ते मला जमतं. पण आबासाहेब नुसते "बरं" म्हणाले आणि पटका सारखा करत निघून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी गोदावरी मिलो निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती निवडता निवडता म्हणाली, "एक विचारू? रागावू नका. त्या बायका माती खालून वर का नेतात?"

"म्हणजे?"

"काळवटातली माती कसदार. न्यायचीच तर माणूस शेतात नेईल. ह्या खोलातली उचलतात आणि उंचावर नेऊन ओततात. माझ्या माहेरी विहिरीतला गाळ काढून काठावर टाकायचे, तसं वाटतं मला ते."

मी ताडकन उठलो. पायात वहाणा न घालताच चंद्रव्वाच्या घरी गेलो. ती पडवीत वाती वळत होती आणि तिच्या डोक्यावर, आढ्याला, ती बुट्टी.

"बुट्टी न्यायला आला व्हय?"

"विचारायला आलोय, अव्वा. माती टाकायचे काही नेम आहेत का?"

"नेम बक्कळ हायत की." तिनं वाती बाजूला ठेवल्या आणि बोटं मोजायला घेतली. "माती काळवटातनंच घ्यायची, घरची न्हाय. निंबापास्नं शेंदऱ्या दगडापतूर कुटंबी टाकायची, त्याच्या भाईर न्हाय. टाकली की टाचेनं दाबायची, सात डाव. उंदराचं, खेकड्याचं बीळ दिसलं तर आदी त्यात भरायची. आन् गंगम्माच्या, पान्याच्या देवीच्या, तोंडावर टाकायची न्हाय."

"हे तोंड कुठं आहे?"

"माळाच्या मदोमद खोलगट जागा हाय. तितनं वळसा घालून जायचं. माती पडली तर तोंड दाबतं आन् गंगम्मा रुसती, आसं माजी सासू म्हनायची."

मला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. दोन वर्षं मी या बाईला अडाणी समजत होतो आणि ती बोटांवर मला बांध कसा राखायचा ते सांगत होती. पाटबंधाऱ्याच्या पुस्तकात याहून वेगळं काय असणार!

"अव्वा, तो माळ नव्हे. तो बांध आहे. काळवट म्हणजे तळं, गाळानं भरून गेलेलं. आणि तोंड म्हणजे पाणी सोडायची मोरी."

तिनं मोजलेली बोटं मिटली. "मग आमी इतकी वर्सं काय करत हुतो?"

"दुरुस्ती."

"आन् आमाला कुनी सांगितलं न्हाय ते," चंद्रव्वा म्हणाली. मग तिची तीच हसली. "तळं इसरलं गाव. काम न्हाय इसरलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सारं गाव सुनांच्या माळावर जमलं. मी जागा दाखवली, पण कुदळ कुणी मारीना. चंद्रव्वाचा मुलगा निंगप्पा अंगानं आडदांड, एरवी कुणाला न भिणारा, तोसुद्धा मागं सरला. "गंगम्माच्या तोंडावर घाव घालायचा? कोपली तर? आदीच पानी न्हाय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात चंद्रव्वा पुढं झाली. "तितं माती टाकू नगं म्हनलंय. काढू नगं आसं कुनी म्हनलंय का?"

तिनं निंगप्पाच्या हातातली कुदळ घेतली आणि पहिला घाव स्वतः घातला.

तीन दिवस खणलं. पहिल्या दिवशी नुसती माती, दुसऱ्या दिवशी मुरूम. बसल्या जागी कुजबुज सुरू झाली की मास्तरनं आधी कागदावर घोळ घातला, आता खड्ड्यात घालतोय. माझ्या हातांना फोड आले होते. गोदावरीनं त्यांवर हळद लावली, पण थांबा म्हणाली नाही. रविवारी दुपारी निंगप्पाची पहार खणकन वाजली आणि वर उभे सगळे काठाशी वाकले.

दगड होता, तोही घडीव. हातांनी माती ओढून काढली तसतशी तासलेल्या दगडांची चौकट उघडी पडली आणि चौकटीत दोन हात रुंद मोरी. तिच्यातून गार, कोंदट वास आला. निंगप्पानं आत डोकं घातलं आणि ओरडला, "पार आरपार हाय की ही!"

चौकटीवरच्या आडव्या दगडावर काही कोरलं होतं. गोदावरी खड्ड्यात उतरली आणि पदरानं पुसू लागली. आधी एक पाऊल दिसलं, मग लुगड्याचा काष्टा, मग डोक्यावर धरलेला हात. एकीमागं एक बायका चालल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर बुट्टी होती.

चंद्रव्वाला आम्ही हाताला धरून खाली उतरवलं. तिनं दगडावरच्या एका बाईच्या तोंडावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ह्या आमीच की गं."

गावात इतिहास नाही म्हणून मी लिहून दिलं होतं आणि तो इतिहास रोज माझ्या शाळेवरून घागरी घेऊन जात होता. मला माझी लाज वाटली, आणि खरं सांगतो, त्या लाजेपेक्षा आनंद मोठा होता.

सोमवारी साहेब आला. खड्ड्यात उतरला, मोरीत बॅटरी मारली, निंबापासून शेंदऱ्या दगडापर्यंत बांध पायी मोजला. दगडाच्या पलीकडं ओढ्याच्या अंगाला बांध फुटलेला होता. परत येऊन त्यानं घाम पुसला.

"मोरी आहे, मान्य. फुटलेला भाग सोडला तर बांधही शाबूत आहे. पण तेच मला पटत नाही. मातीचा बांध बिनदुरुस्तीचा इतकी वर्षं टिकत नाही. पाऊस धुऊन नेतो, खेकडे पोखरतात. हा टिकला कसा? दुरुस्तीची नोंद दाखवा."

"तो तक्ता द्या," मी म्हणालो.

त्यानं फाईलमधून काढून दिला. मी तो निंगप्पाच्या पाठीवर ठेवला, 'तळं' या रकान्यातल्या माझ्या सुंदर 'निरंक'वर आडवी रेघ मारली आणि लिहिलं, 'आहे. दुरुस्ती चालू. करणाऱ्या, गावच्या सुना.' समासात लिहिलं, 'आधीची चूक माझी', आणि सही केली. आयुष्यात इतकी वाकडी सही मी कधी केली नव्हती.

साहेबानं वाचलं. "सुना? कधीपासून?"

"माजी मी टाकली," चंद्रव्वा म्हणाली. "माज्या सासूनं तिची टाकली. तिच्या सासूनं तिची. तिच्या सासूनं..."

"पुरे, पुरे," साहेब हसला. पण माणूस चिकित्सक. जमलेल्या बायांकडं वळून म्हणाला, "इथं माती टाकलेल्या किती जणी आहेत? हात वर करा बघू."

आणि हात वर झाले. सरपंचीणबाई विजयमालांचा झाला, दाराबाहेर न पडणाऱ्या दगडाबाईचा झाला, पोर कडेवर असलेल्यांनी पोर दुसऱ्या कडेवर घेऊन मोकळा हात वर केला. माळावर हातच हात. मी तेवढे हात माझ्या वर्गात कधी पाहिले नाहीत. साहेबाची नजर फिरत फिरत एका जागी थांबली. सगळ्यांच्या मध्ये एकटीचा हात खाली होता.

"आणि ह्या बाई?"

गोदावरीनं मान खाली घातली. मी मेलो असतो तर बरं झालं असतं. चंद्रव्वानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तिची ऱ्हायलीय, सायब. काम निगालं की टाकती."

साहेबानं मोरीच्या चौकटीकडं पाहिलं, त्या चालणाऱ्या बायकांकडं, आणि फाईल बंद केली. "निघेल," तो म्हणाला.

बुधवारी ट्रक आला. पण तो माणसं न्यायला नव्हता आला. कुदळी, फावडी आणि घमेली घेऊन आला होता, आणि ड्रायव्हरजवळ आबासाहेबांच्या नावाची चिठ्ठी होती. चिठ्ठी मी मोठ्यानं वाचली. 'मौजे बेलहाळ, जुन्या तळ्याची दुरुस्ती व गाळ काढणे.' आबासाहेबांनी पटका काढून हवेत उडवला. सरपंचाचं उघडं डोकं गावानं पहिल्यांदाच पाहिलं. हलगी वाजायला लागली. निंगप्पा नाचला, त्याच्या मागं माझी शाळा नाचली आणि हजेरी घ्यायची सोडून मीही नाचलो. कसा नाचलो ते विचारू नका.

चंद्रव्वा घरून आढ्याची बुट्टी घेऊन आली. दोन वर्षांची धूळ तिनं फुंकून काढली. "आदी हिची. मग सरकारची घमेली."

सारं गाव दोन्ही बाजूंना उभं राहिलं. गोदावरीनं वहाणा काढल्या, काळवटातली माती बुट्टीत भरली, कुणी हात लावायच्या आत डोक्यावर घेतली आणि चढू लागली. मोरीपाशी वळसा घालून पुढं गेली, खेकड्याचं एक बीळ पाहिलं, त्यात माती ओतली आणि टाचेनं दाबली. सात वेळा. चंद्रव्वाचे नेम मी तिला एकदाच सांगितले होते. खाली आली तेव्हा घामानं कुंकू ओघळलं होतं आणि ती हसत होती. लग्नात हसली नव्हती इतकी.

"झालं?" मी विचारलं.

"तिचं झालं," चंद्रव्वा म्हणाली आणि रिकामी बुट्टी माझ्या हातात दिली. "सुनंनं एक टाकायची. अडवलं त्येनं दोन."

बायकांच्या हसण्यानं माळ दणाणला. पंढरपूरच्या वेणीमाधवपंतांच्या चिरंजिवांनी धोतर खोचलं आणि दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला माझा तोल गेला, पण माती सांडली नाही.

उन्हाळाभर काम चाललं. एकही घर उठलं नाही. फुटका बांध सांधला, गाळ वर चढला, मोरी साफ झाली. आणि त्र्याहत्तरच्या श्रावणात बेलहाळच्या तळ्यात काठोकाठ पाणी उभं राहिलं.

त्या दिवशी आम्ही सगळे बांधावर उभे होतो. खाली मोरीतून पाण्याची धार सुटली होती आणि पोरं तिच्यात ओंजळी धरत होती. गोदावरी मात्र पायाखाली बघत इकडून तिकडं फिरत होती. पावसानं बांधावर गवत माजलं होतं.

"काय शोधतीस गं, बाई?" चंद्रव्वानं विचारलं.

"माझी बुट्टी नेमकी कुठं टाकली होती, ते सापडत नाही."

चंद्रव्वानं तळ्याकडं बोट केलं. "कुटंबी असंल. पानी थांबलंय न्हवं? मग हाय."